परदेशात विज्ञान-तंत्रज्ञान शिकायचे, तर कुठे? अहिल्यानगर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी

परदेशी शिक्षणाचा विचार बहुतेक घरांत देशाच्या नावापासून सुरू होतो. जर्मनी बरी की अमेरिका, कॅनडाचे दार अजून उघडे आहे का, ऑस्ट्रेलियात हाताला काम मिळते का, हे प्रश्न आधी येतात. मग एखादा एजंट विद्यापीठ सुचवतो आणि त्या विद्यापीठात जागा असेल तो अभ्यासक्रम पदरात पडतो. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांसाठी हा क्रम उलटा आहे. एकाच विद्यापीठात एक विभाग जगात नावाजलेला आणि शेजारचा सामान्य असू शकतो. तेव्हा आधी विषय नेमका करावा, त्या विषयाचे खरे काम कोणत्या विभागात आणि कोणत्या उद्योगाच्या शेजारी चालते ते शोधावे, आणि देशाचे नियम व खर्च त्यानंतर तपासावेत.

विषय नेमका करणे म्हणजे ‘मेकॅनिकल’ किंवा ‘ॲग्री’ म्हणून थांबणे नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला यासाठी फार लांब पाहावे लागत नाही. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या सुमारास सुरू झाला आणि ऊस, साखर, मळी, इथेनॉल ही साखळी तेव्हापासून इथल्या अर्थकारणाचा कणा आहे. याच विषयात पुढे शिकायचे असेल तर अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीची ऑडुबॉन शुगर इन्स्टिट्यूट, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनची क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी आणि ब्राझीलमध्ये पिरासिकाबा येथील साओ पाउलो विद्यापीठाची कृषी शाखा ही कामाची ठिकाणे आहेत. नेहमीच्या क्रमवाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्याच्या यादीत यांतली एक-दोन नावे कदाचित येणारही नाहीत. मात्र कारखान्यातली मूळ साखरनिर्मिती शिकण्यासाठी परदेशाची गरज नाही. पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था ते काम उत्तम करतात. उसाच्या वाणांचे संशोधनही घरातच आहे: कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ पासूनचे आहे, आणि फुले २६५ हे वाण राहुरी कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राने दिले. बाहेर जायचे ते जैवइंधन, किण्वन अभियांत्रिकी किंवा उसाच्या जनुकांवरच्या कामासाठी.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांसाठी नेदरलँड्समधील वाखेनिंगेन हे ठिकाण पहिल्या रांगेत येते. शेती, अन्न आणि पर्यावरण एवढ्याच विषयांना वाहिलेले हे विद्यापीठ आहे. कांदा, डाळिंब, द्राक्ष यांच्या काढणीनंतरच्या हाताळणीसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिस, दुग्धविज्ञानासाठी न्यूझीलंडचे मॅसी किंवा अमेरिकेचे कॉर्नेल, सिंचनासाठी युटा स्टेट युनिव्हर्सिटी, अशी जोडी लावता येते. पाण्याच्या क्षेत्रात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची आयएचई ही संस्था प्रसिद्ध आहे. पण तिथे मुख्यत्वे काही वर्षे नोकरी केलेले अभियंते येतात. पारनेर किंवा संगमनेर तालुक्यातल्या पाणलोट प्रकल्पावर दोन-तीन वर्षे काम करून गेलेल्याचा अर्ज तिथे पदवी हातात पडताच गेलेल्यापेक्षा वजनदार ठरतो.

वाहन अभियांत्रिकीचेही असेच आहे. नगरला वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, असल्याने या शाखेची ओढ जिल्ह्यात जुनी आहे. जर्मनीत आखेन, म्युनिक आणि श्टुटगार्ट, अमेरिकेत ग्रीनव्हिल येथील क्लेमसन विद्यापीठाचे वाहन संशोधन केंद्र, इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्ड ही नावे ठळक आहेत. इथे एक अडचण आधीच माहीत असावी. संरक्षणाशी जोडलेल्या प्रयोगशाळांची दारे परदेशी विद्यार्थ्यांना बहुधा बंद असतात, आणि ब्रिटनमध्ये पदार्थविज्ञान, विमान अभियांत्रिकी अशा काही विषयांसाठी भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाच्या आधी ‘एटास’ नावाची सुरक्षा मंजुरी घ्यावी लागते. तिला काही आठवडे लागतात. रेडिओ खगोलशास्त्राची आवड असलेल्याला तर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. बॉन, लायडन किंवा मँचेस्टरला अर्ज करण्याआधी तिथल्या विदेवर एखादा छोटा प्रकल्प केलेला असेल तर निवड समितीला वेगळे सांगावे लागत नाही.

विभागाची परीक्षा क्रमवारीने होत नाही. क्रमवारी लावताना संशोधनाचा गवगवा, प्राध्यापक-विद्यार्थी प्रमाण, परदेशी विद्यार्थ्यांची टक्केवारी असे आकडे एकत्र करून संपूर्ण विद्यापीठाला एक क्रमांक दिला जातो. सरकारी शिष्यवृत्तीसाठी तो क्रमांक लागतो, एवढाच त्याचा ठोस उपयोग. विभाग जोखायचा तर त्याच्या संकेतस्थळावर गेल्या तीन-चार वर्षांतले प्रबंध पाहावेत, आपल्या विषयात किती प्राध्यापक प्रत्यक्ष काम करतात ते मोजावे आणि अभ्यासक्रमातले विषय एकेक वाचावेत. प्रबंध नसलेला, फक्त वर्गात शिकवला जाणारा, दरवर्षी शेकडो परदेशी विद्यार्थी घेणारा अभ्यासक्रम बऱ्याचदा विद्यापीठाच्या उत्पन्नासाठी चालतो. तो वाईटच असतो असे नाही. पण संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्याला त्याचा फायदा थोडा. गेल्या दोन वर्षांत तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी कुठे लागले, हे लिंक्डइनवर शोधता येते. त्यांतल्या दोघा-तिघांना विचारलेला नेमका प्रश्न माहितीपुस्तिकेच्या वीस पानांपेक्षा जास्त सांगून जातो. प्रश्नही साधाच असावा: पदवीनंतर सहा महिन्यांनी वर्गातले किती जण आपल्या विषयाच्या नोकरीत होते?

यानंतर आपली पदवी तिथे बसते का, हे पाहावे. कोपरगाव, संगमनेर, लोणी किंवा विळद घाटातल्या महाविद्यालयातून चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी घेतलेल्याला वर्षांचा प्रश्न येत नाही. नगरच्या महाविद्यालयातून तीन वर्षांची बीएस्सी झालेल्याला मात्र येतो. ब्रिटनमध्ये आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत पदवी तीन वर्षांचीच असते, त्यामुळे तिथे ही पदवी साधारणपणे चालते. अमेरिकेत अनेक विद्यापीठे चार वर्षांचा आग्रह धरतात. काही मूल्यांकन संस्थेच्या अहवालावर तीन वर्षांची पदवी मान्य करतात, काही नाही. हे प्रत्येक विभागाला ई-मेल करून विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. नव्या शैक्षणिक धोरणाखाली चौथे, ऑनर्सचे वर्ष घेण्याचा पर्याय आता आला आहे. अमेरिकेचा विचार असलेल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने तो सहज सोडू नये. बारावीनंतर थेट जर्मनीत पदवीला जाण्याचा बेत तर बऱ्याचदा इथेच अडतो, कारण नुसत्या बारावीवर तिथे सरळ प्रवेश मिळत नाही; भारतात पदवीचे एक वर्ष पूर्ण केलेले किंवा जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असावे लागते.

अभियंत्यांसाठी आणखी एक बारकावा आहे. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य आहे आणि त्यामुळे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड इथे भारतीय अभियांत्रिकी पदवीला समकक्षता मिळू शकते. मात्र ती एनबीएची, म्हणजे राष्ट्रीय मान्यता मंडळाची, टियर-१ मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांपुरती. कॉलेजच्या फलकावर ‘एनबीए मान्यताप्राप्त’ असे लिहिलेले असले तरी टियर कोणता आणि आपल्या शाखेला, आपल्या उत्तीर्ण वर्षाला ती लागू होती का, हे एनबीएच्या यादीत पाहावे. ‘बॅक’ राहिलेल्या विषयांबद्दलही लपवाछपवी करू नये. ट्रान्सस्क्रिप्टमध्ये सगळे उघड होते. दोन-तीन बॅक असूनही प्रवेश देणारी चांगली विद्यापीठे आहेत. माहिती दडवलेली सापडली तर मात्र अर्जच रद्द होतो.

इथवर आल्यावर देशांचे नियम पाहायचे. हे नियम सरकारगणिक बदलतात, म्हणून खाली दिलेले आकडे अर्ज करताना त्या-त्या सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा तपासावेत.

जर्मनीत सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणी शुल्क बहुतेक ठिकाणी नाही, हे खरे; पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून त्याहून मोठे शुल्क लावले आहे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे १२ लाख रुपये, गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. दरमहा ९९२ युरो काढता येतात. म्युनिकमध्ये खोलीचे भाडेच यातला मोठा भाग खाते, लहान गावांत ही रक्कम पुरते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे झाले असून त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. जर्मन विद्यापीठे अर्ज पाहताना पदवीतले विषय आणि त्यांचे क्रेडिट जुळवून बघतात. मेकॅनिकल करून डेटा सायन्सला अर्ज करणाऱ्याचा अर्ज तिथेच मागे पडतो, गुण कितीही असोत. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी नोकरी जर्मन भाषेतून शोधायची असते. सेमी इंग्रजीतून आलेल्या विद्यार्थ्याने पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा अन्यत्र किमान बी-१ पर्यंत भाषा इथेच पूर्ण करावी. तिथे गेल्यावर शिकू म्हणणाऱ्यांची भाषा बहुधा ए-२ च्या पुढे सरकत नाही.

अमेरिकेत प्रयोगशाळा आणि उद्योग यांची खोली अजूनही अतुलनीय आहे, पण पैशाचा धोकाही तिथेच सर्वांत मोठा. पदवीनंतर १२ महिने काम करता येते आणि अभ्यासक्रम स्टेम यादीतला असेल तर आणखी २४ महिने. तो यादीत आहे की नाही हे अभ्यासक्रमाच्या नावावरून ठरवू नये. आय-२० या कागदावर छापलेल्या सीआयपी क्रमांकावरून ठरते. पुढची पायरी एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची. तिथे वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकन पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे, त्यामुळे पात्र असूनही निवड न होणे नेहमीचे. सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने परदेशातून केल्या जाणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले आणि गणित अधिकच अवघड झाले. म्हणून कर्जाची फेड अमेरिकेत मिळणाऱ्या दीर्घ नोकरीवर बेतू नये; तीन वर्षांत मिळू शकणाऱ्या पगारावर आणि नंतर पुण्यात मिळेल त्या पगारावर ती बसते का, ते पाहावे.

ब्रिटनची पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते. वेळ वाचतो, पण प्रयोगशाळेत हात बसायला पुरेसा अवधी मिळत नाही. पदवीनंतर थांबण्याची मुदत दोन वर्षे आहे. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना ती १८ महिने होणार आहे. कॅनडाने २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला एसडीएस ही जलद व्हिसा योजना बंद केली. तरीही सार्वजनिक विद्यापीठातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी २०२६ पासून वाट मोकळी ठेवली आहे. बीई करून तिथल्या खासगी कॉलेजात डिप्लोमाला जाणे मात्र आता कुणालाही सुचवू नये. ऑस्ट्रेलियाचे व्हिसा शुल्कच २,००० डॉलर असून व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही.

या सगळ्या हिशोबात एक वाट फार कमी घरांना माहीत असते. पैसे भरून पदव्युत्तर शिकण्याऐवजी पगार घेऊन पीएचडी करता येते. अमेरिकेतल्या विज्ञान शाखांत निवड झालेल्या पीएचडी विद्यार्थ्याचे शुल्क बहुतेकदा माफ होते आणि अध्यापन किंवा संशोधन साहाय्यासाठी मासिक वेतन मिळते. नेदरलँड्समध्ये पीएचडीचा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा कर्मचारी असतो, जर्मनीतही प्रकल्पावरची पदे नोकरीच्या करारावर भरली जातात. जपानचे सरकार मेक्स्ट शिष्यवृत्तीत शुल्क, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे देते. राहुरीतून एमएस्सी झालेल्या किंवा पुण्यातून एमटेक केलेल्या विद्यार्थ्याने तीस-चाळीस लाखांचे कर्ज काढण्याआधी या जागांसाठी एक पूर्ण वर्ष प्रयत्न करणे शहाणपणाचे. त्यासाठी प्राध्यापकाला लिहिलेल्या पत्रात त्याच्या एखाद्या शोधनिबंधाबद्दल दोन ओळी खऱ्या असाव्यात. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला की तो वाचणाऱ्याला लगेच कळतो.

कर्ज काढावेच लागले तर नगरकडच्या शेतकरी कुटुंबांना एक अडचण हमखास येते. घरात दहा एकर बागायत असते, पण बँक सातबारा तारण म्हणून घेत नाही. सरफेसी कायद्याखालची वसुली शेतजमिनीवर चालत नाही, हे त्यामागचे कारण. साडेसात लाखांवरच्या कर्जासाठी सहसा तारण लागते आणि ते एनए प्लॉट, मंजूर नकाशा असलेले घर किंवा सदनिका, मुदत ठेव अशा रूपात मागितले जाते. गावठाणातल्या घराचे कागद बऱ्याच बँका नाकारतात. काही नामांकित विद्यापीठांसाठी सरकारी बँका विनातारण कर्ज देतात, म्हणून विद्यापीठाची यादी बनवतानाच बँकेची यादी शेजारी ठेवावी. खासगी वित्तसंस्था तारण मागत नाहीत, पण व्याज जास्त असते आणि हप्ता शिक्षण चालू असतानाच सुरू होऊ शकतो. व्हिसासाठी दाखवायची रक्कमही पतसंस्थेत न ठेवता अनुसूचित बँकेत ठेवावी, कारण पतसंस्थेची ठेव दूतावासांना पटवणे अवघड जाते. ब्रिटनसाठी ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसावी लागते. शेवटच्या आठवड्यात नातेवाइकांकडून गोळा केलेले पैसे तिथे उपयोगी पडत नाहीत. परदेशी रक्कम पाठवताना बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवली तर स्रोतावरील कर लागत नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला दहा लाखांवर पाठवल्यास तो कापला जातो आणि विवरणपत्रात वळता करून घ्यावा लागतो. कर्जाच्या व्याजावर कलम ८०-ई ची सवलत आठ वर्षे मिळते.

शिष्यवृत्त्यांत अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या मोठ्या योजना आहेत. केंद्राच्या योजनेत वर्षाला १२५ जागा असून भटक्या-विमुक्त आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबातल्या मुलांनाही त्यात वाटा आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. मराठा समाजासाठी सारथी, तर इतर मागासवर्ग आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी संबंधित विभागांच्या वेगळ्या योजना आहेत. जात न पाहता मिळणाऱ्यांत १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडॉमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती, जर्मनीची डाड आणि युरोपची इरॅस्मस मुंडुस ही नावे लक्षात ठेवावीत. सरकारी योजनांना विनाअट प्रवेशपत्र लागते. ‘निकालाच्या अटीवर’ असा शेरा असलेले पत्र पुरत नाही, आणि इथेच पुणे विद्यापीठाचा उशिरा लागणारा निकाल आडवा येतो.

कागदपत्रांत नावाची गफलत सर्वांत जास्त त्रास देते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव, शेजारी आईचे नाव, आणि पासपोर्टवर वेगळाच क्रम, अशी स्थिती असते. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे लिहावे आणि फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या पासपोर्टवर जन्मस्थान ‘अहमदनगर’ असेल तर अर्जातही तेच भरावे. नवे नाव घालायचे तर आधी पासपोर्ट बदलावा.

एजंटाने फी घेण्यात गैर काही नाही, पण बरेच एजंट विद्यार्थ्याकडून घेतातच आणि विद्यापीठाकडूनही दलाली मिळवतात, म्हणून त्यांच्या यादीत दलाली देणारीच विद्यापीठे वर असतात. जर्मनीची सार्वजनिक विद्यापीठे अशी दलाली देत नाहीत; तेव्हा जर्मनीसाठी कुणी एखादे महागडे खासगी विद्यापीठच पुढे करत असेल तर कारण ओळखावे. अर्जाचा लॉगिन आणि ई-मेल विद्यार्थ्याने स्वतःच्या हातात ठेवावा. कॅनडात गेलेल्या अनेक पंजाबी विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले; ती एजंटाने दिली होती. त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकेत ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ हे सरकारनेच सापळा म्हणून उभे केलेले बनावट विद्यापीठ उघड झाले आणि १२९ भारतीय विद्यार्थी अटकेत गेले. तिथे वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. अमेरिकेत मान्यता तपासण्यासाठी शिक्षण खात्याची आणि अभियांत्रिकीसाठी अबेटची यादी, कॅनडात डीएलआय क्रमांक, ऑस्ट्रेलियात क्रिकॉस नोंद हे पाच मिनिटांचे काम आहे.

वेळापत्रक जाण्याच्या साधारण दीड वर्ष आधी सुरू होते. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात पासपोर्ट आणि विभागांची यादी, पावसाळ्यात आयईएलटीएस किंवा टोफेल आणि गरज असेल तर जीआरई. या परीक्षांची केंद्रे पुण्यात असल्याने तारीख आधी पकडावी. अमेरिकेचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. जर्मनीची हिवाळी सत्राची सर्वसाधारण मुदत १५ जुलै असली तरी आखेन, म्युनिकसारखी विद्यापीठे ती बरीच आधी, वसंतातच संपवतात, आणि एपीएस हाती नसेल तर व्हिसाचा अर्जही पुढे जात नाही. म्हणून एपीएसचे कागद सातव्या सत्राच्या निकालाची वाट न पाहता, सहाव्या सत्रापर्यंतच्या गुणपत्रिकांवर आधीच पाठवता येतात का ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहून दिवाळीच्या सुट्टीत तो अर्ज उरकावा.